एक फुल, एक हाफ

चिंचोटी नाक्यावर माणूस शिंकला की दोन हात हलतात. शिंकणाऱ्याचा रुमालाकडे जातो आणि भाऊंचा बॅगेकडे. बहुतेक वेळा रुमालाआधी गोळी बाहेर येते.

भाऊ एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर तिकिटाचं मशीन डेपोत जमा झालं, गणवेश बोहारणीकडे गेला. पण खांद्यावर काही लटकत नसलं तर आपला तोल जातो, असं त्यांच्या लक्षात आलं म्हणे. म्हणून बाजारातून तशीच एक कातडी बॅग आणली. पुढच्या कप्प्यात पूर्वी सुट्टे पैसे असायचे, तिथे सर्दी आली. मागच्या कप्प्यात पित्त, बाजूला अंगदुखी, आणि आतल्या चेनमध्ये, जिथे पूर्वी शंभराच्या नोटा असत, तिथे भाऊंची स्वतःची बीपीची गोळी. ती ते कुणाला दाखवत नसत. स्टाफचा प्रवास मोफत, त्याची चर्चा पॅसेंजरसमोर करायची नसते.

चिंचोटीत असल्या माणसाला गिऱ्हाईक शोधायला जावं लागत नाही. समोरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग, नाक्यावरून कामण-भिवंडीकडे वळणारे ट्रेलर, मधूनच ताडपत्री न बांधता धावणारा खडीचा डंपर. पावसाळ्यात जो चिखल असतो तोच दसऱ्याला वाळून हवेत उठतो. वर्सोवा पुलावर नाहीतर घोडबंदरला वाहतूक तुंबली की इकडच्या गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या, त्यांचा धूर त्या धुळीत. चार महिने तुंगारेश्वरच्या डोंगरातून पाणी उतरतं, लोक मनाई असली तरी धबधब्याकडे धावतात आणि आमच्या भिंतींना बुरशी धरते. राहिलेली कसर रस्त्याकडेचं गाजरगवत भरून काढतं. बाराही महिने नाक चालू. त्यात आमच्या इमारतीत बीपीचं यंत्र नाही असा मजला नाही. म्हणजे सकाळी बीपीची गोळी आणि संध्याकाळी सर्दीची, अशी ये-जा करणारी माणसं इथे घरोघरी आहेत. दोन्ही गोळ्या एकाच पोटात जातात, एवढंच कुणी मनावर घेत नाही.

भाऊंची पद्धत ठरलेली. माणसांचा घोळका दिसला की मागून शिरायचं आणि पुढे सरकत जायचं. लग्न असो, सोसायटीची सभा असो, एकदा तर स्मशानभूमीतसुद्धा, सगळे खाली मान घालून उभे असताना भाऊ हळूच विचारत फिरत होते, "कुणाचं राहिलंय?" कुणी नाक ओढलं की प्रश्न एकच. "वाहतंय की बंद?" उत्तर मिळायच्या आत हातावर गोळी. "एक फुल, जेवल्यावर. पोराला हाफ."

हाफवरून एकदा खटका उडाला. दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी अडीच वर्षांच्या पोरासाठी दिलेली अर्धी गोळी तिथल्या तिथे परत केली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तसं वेष्टनावर छापावं, असं कंपन्यांना कळवलं होतं. सूनबाईंनी ते वाचलेलं. भाऊंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. आमच्याकडेही पाच वर्षांखाली तिकीट नव्हतं." हार मानायची वेळ आली की भाऊ तिला महामंडळाचा नियम करून टाकतात.

पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर १ जून १९४८ ला धावली, ही तारीख भाऊ झोपेत सांगतील. गोळीच्या पट्टीवरची तारीख मात्र त्यांनी कधी वाचली नाही, आणि वाचायची म्हटली तरी ती तिथे नसे. मेडिकलवाला दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून देतो; नाव एका तुकड्यावर जातं, मुदत दुसऱ्यावर. भाऊंच्या बॅगेत असे बेवारस तुकडेच जास्त. कोपरे टोचणारे, पाठीमागे चंदेरी, त्यावर फक्त "...झिन" किंवा "...पिन" एवढीच अक्षरं शिल्लक. "झिन" म्हणजे सेट्रिझिन, शिंकांची. "पिन" म्हणजे अम्लोडिपिन, बीपीची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बारीक. एका रिक्षावाल्या दादाला भाऊंनी शिंकांवर दिलेली गोळी नेमकी कुठली होती, हे आजवर कळलेलं नाही. सुदैवाने दादाने ती मीटरच्या खाचेत ठेवली आणि विसरला.

भाऊंना काही कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण मार्गाच्या निम्म्यापर्यंतच. त्यांच्या मते सेट्रिझिन म्हणजे साधी लाल गाडी. सर्दीची मिक्स गोळी म्हणजे एशियाड. पैसे थोडे जास्त, पण आराम. या एशियाडमध्ये कोण कोण बसलंय हे मात्र त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं. तापाचं पॅरासिटामॉल, शिंकांचं क्लोरफेनिरामिन, नाक मोकळं करायला फिनाइलएफ्रिन आणि कधी कधी कॅफीन.

एका दिवाळीत भाऊंनी ही एशियाड स्वतःसाठी काढली.

माळे झाडून झाले, पंखे पुसून झाले, जळमटं काढून झाली आणि भाऊंचं नाक बंद पडलं. मिक्स गोळी दिवसातून तीनदा सुरू झाली. त्याने भागेना म्हणून नाकातले आधीपासूनचे थेंबही वाढले. डोकं ठणकायला लागलं म्हणून आयबुप्रोफेन. घशाला बरं म्हणून ज्येष्ठमधाचा काढा, तोही ग्लासभर, "झाडपाला आहे, त्याचा कसला अपाय!" खोकला तर भाऊंना कित्येक महिन्यांपासून होताच. कोरडा, रात्रीचा, "हायवेचा खोकला" असं त्याचं नाव पडलेलं. त्यासाठी सिरपच्या बाटल्या खिडकीत रांगेने उभ्या.

भाऊबीजेच्या सकाळी वहिनींनी बीपी मोजलं. यंत्राचा पट्टा दंडावर, हात हवेत, भाऊ उभ्याउभ्या शेजारच्यांना फराळाने होणाऱ्या पित्तावर मार्गदर्शन करताहेत. आकडा आला १७६ वर १०२.

"मशीन बिघडलंय," भाऊ म्हणाले.

ते सिद्ध करण्यासाठी पट्टा आधी वॉचमनच्या दंडाला लागला, मग माझ्या. आम्ही दोघेही नॉर्मल निघालो, याचं भाऊंना वाईट वाटलेलं स्पष्ट दिसलं. वहिनींनी मग त्यांना खुर्चीत बसवलं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पाच मिनिटं तोंड बंद. बोलताना, उभ्याने किंवा नुकता चहा पिऊन मोजलं तर आकडा उगाच फुगतो, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती पाच मिनिटं भाऊंच्या आयुष्यातली सर्वांत लांब पल्ल्याची होती. आकडा उतरला, पण १६४ वर ९८ वर येऊन थांबला.

वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. खुंटीवरची बॅग काढली, भाऊंना पुढे घातलं आणि मेडिकल गाठलं. मी साक्षीदार म्हणून मागे.

मेडिकलवर जी मुलगी बसते ती फार्मसी शिकलेली, तिथलीच, भाऊंच्या डोळ्यांदेखत फ्रॉकमधून पांढऱ्या कोटात गेलेली. तिने याआधी भाऊंना मिक्स गोळी देताना एकदा विचारलं होतं, "काका, बीपी आहे का?" "मला बघून वाटतं का तुला?" असं म्हणून भाऊंनी तो विषय तिथेच उतरवला होता. आज तिने बॅग काउंटरच्या काचेवर उलटी केली. पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या कंडक्टरला भररस्त्यात चेकिंगची जीप आडवी आली की जो चेहरा होतो तो मी प्रथमच पाहिला.

"काका, यातलं तुम्ही काय काय घेताय?"

भाऊंनी बोट ठेवत सांगितलं. तिने एकेक वस्तू बाजूला ओढली.

"ही मिक्स गोळी. यातलं फिनाइलएफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं. नाकातल्या आवळल्या की सूज उतरेल ही कल्पना. पण पोटातून गेलेलं औषध फक्त नाकात कसं थांबेल? ते सगळ्या अंगाच्या वाहिन्या आवळू बघतं. तुम्ही सकाळी ज्या सैल करायला गोळी घेता, त्याच."

"पण नाक तर मोकळं होतं ना?"

"तेही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं की तोंडावाटे नेहमीच्या मात्रेत घेतलेल्या फिनाइलएफ्रिनने बंद नाक उघडत नाही. तुम्हाला जे बरं वाटतं ते त्यातल्या बाकीच्या औषधांनी."

भाऊ गप्प. फुकट बसलेला पॅसेंजर इतकी वर्षं आपल्याच गाडीत होता, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

"याच्याआधी अशा गोळ्यांत फिनाइलप्रोपॅनोलामाइन असायचं," ती म्हणाली. "त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो असं दिसल्यावर अमेरिकेने २००० साली ते बाजारातून काढायला लावलं. स्यूडोएफेड्रिनही याच घराण्यातलं. बीपी असेल तर ही मंडळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आता हे थेंब. किती दिवस टाकताय?"

"दिवस?" वहिनी म्हणाल्या, "गणपतीपासून."

"तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं, मग माणूस पुन्हा थेंब टाकतो. तुमचं नाक आता धुळीने नाही, थेंबांनी बंद आहे. आणि हे आयबुप्रोफेन बीपी वाढवतं, बीपीच्या काही गोळ्यांचा जोरही कमी करतं. डोकं दुखलं तर साधं पॅरासिटामॉल, तेही मिक्स गोळीत नाही ना हे बघून, नाहीतर डबल होतं."

वहिनींनी काढ्याची पुडी पुढे केली. भाऊंनी ती काढून घ्यायचा एक क्षीण प्रयत्न केला.

"ज्येष्ठमध," मुलगी हसली. "रोज ग्लासभर घेतलं तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटतं, बीपी चढतं. झाडपाल्यालाही असर असतो, म्हणून तर तो औषध."

"मग सोपं आहे," भाऊंना एकदम मार्ग सुचला. "यांनी बीपी चढतंय ना? मी बीपीची एक जास्त घेतो. हिशेब जुळेल."

एवढा वेळ शांत असलेली ती मुलगी इथे मात्र ताडकन उभी राहिली. "काका, गोळ्यांचा हिशेब असा जुळत नाही. बीपीची स्वतःहून एक वाढवायची नाही, एक कमी करायची नाही आणि बंद तर अजिबात करायची नाही. चढवणाऱ्या आहेत त्या काढायच्या."

मग तिने आतल्या चेनमधली ती खाजगी पट्टी उचलली. नशिबाने नाव शाबूत होतं. रॅमिप्रिल.

"काका, खोकला कधीपासून?"

"रस्त्याचं काम निघालं तेव्हापासून."

"आणि ही गोळी?"

वहिनींनी बोटं मोजली. गोळी सुरू झाली आणि पुढल्याच महिन्यात खोकला. रस्त्याचं काम त्याच सुमाराला निघालं, म्हणून आळ डंपरवर गेला. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या घराण्यातल्या गोळ्यांनी काहींना असा कोरडा खोकला लागतो, कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. त्याला ना सिरप लागू पडतं ना ॲलर्जीची गोळी. डॉक्टर गोळीच बदलून देतात.

"एक मात्र लक्षात ठेवा," ती म्हणाली, "ही गोळी घेताना कधी ओठ, जीभ, चेहरा सुजला, तर ॲलर्जी समजून सेट्रिझिन शोधत बसायचं नाही. माझ्याकडेही यायचं नाही. सरळ हॉस्पिटल."

भाऊंचा चेहरा पडलेला पाहून तिलाच दया आली असावी. तिने सांगितलं की हे घराणं मुळात सापाच्या विषावरून सापडलेलं. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे, त्याच्या दंशाने माणसाचं बीपी कोसळतं; त्या विषाचा अभ्यास करता करता कॅप्टोप्रिल तयार झालं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. भाऊंनी लगेच पट्टी हातात घेऊन जवळून पाहिली. तुंगारेश्वराच्या पायथ्याशी आयुष्य गेलेल्या माणसाला सापाबद्दल आदर असतोच. आपण रोज सकाळी चहाबरोबर त्याची करामत गिळतो, हे कळल्यावर भाऊंची पाठ जरा ताठ झाली.

"मग सर्दीला घ्यायचं काय?" वहिनींनी मुद्द्याला हात घातला.

काय घ्यायचं ते फार नव्हतं. साधी सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन; एकटी, जोडीला कुणी नको. या गोळ्या सहसा बीपी चढवत नाहीत. नावापुढे 'डी', 'प्लस', 'कोल्ड' असं शेपूट दिसलं की मागचं बारीक अक्षर वाचायचं, बहुतेक वेळा आत नाक मोकळं करणारं कुणीतरी चढलेलं असतं. सेट्रिझिनने काहींना झोप येते, क्लोरफेनिरामिन आणि जुन्या फेनिरामिनने तर फारच. बीपीच्या गोळीने आधीच गरगरत असेल तर दोन्ही मिळून माणूस उठताना पडतो. घेऊन गाडी चालवायची नाही, आणि प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्या जुन्या गोळ्यांनी लघवीच अडते. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबर घ्यायची, संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर नाही. रसाने ती नीट मुरत नाही. किडनी नाजूक असेल तर यांचीही मात्रा डॉक्टरांकडून. नाक धुवायला मिठाचं पाणी, उकळून गार केलेलं. कायमचाच त्रास असेल तर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा मिळतो, तो डॉक्टर ठरवतील. आणि झाडलोट करताना तोंडाला फडकं. शेवटची सूचना सर्वांत स्वस्त होती, म्हणून भाऊंना ती औषधच वाटेना.

डॉक्टरांनी रॅमिप्रिल काढून टेल्मिसार्टन दिली. थेंब सुटताना भाऊंनी आठवडाभर असा काही दंगा केला की चौथ्या मजल्यापर्यंत त्यांच्या नाकाची वार्ता पोचत होती. डोकेदुखीची गोळी गेली, काढा गेला, मिक्स गोळी गेली. आकडा १३४ वर ८४ वर येऊन स्थिरावला. खोकला थांबायला काही आठवडे लागले, पण थांबला. महामार्गाची धूळ होती तेवढीच राहिली. सिरपच्या रिकाम्या बाटल्यांत वहिनींनी मनीप्लांट लावला.

भाऊ सुधारले, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही कधी एसटीने प्रवास केलेला नाही. कंडक्टर निवृत्त होतो, कंडक्टरकी होत नाही. गोळ्या वाटणं त्यांनी खरंच बंद केलं, पण त्या जागी जे आलं ते पाहून जुने दिवस बरे होते असं आम्हाला वाटायला लागलं. भाऊंना बढती मिळाली होती. भाऊ आता चेकर झाले.

बॅग तीच. आत कोऱ्या पावत्यांचं पुस्तक आणि पेन. इमारतीतल्या प्रत्येकाचं भाऊंनी वेबिल केलं आहे. नाव, बीपीची गोळी कोणती, साखरेची कोणती, काढे, चूर्णं, थेंब, शेजाऱ्याने दिलेलं काय आणि टीव्हीवर बघून आणलेलं काय. पट्टी कापून आणली तर नाव आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्यायचा आणि तोच शेवटपर्यंत ठेवायचा, असा त्यांनी नियम काढला. मेडिकलवरची मुलगी म्हणते की हल्ली चिंचोटीची गिऱ्हाइकं काउंटरवर आली की आधी कागद ठेवतात आणि मग शिंकतात. तिचं काम निम्मं झालं. डॉक्टरसुद्धा ते वेबिल वाचून घेतात. त्यांना एवढंच कळत नाही की खाली सहीच्या जागी "तपासले, भाऊ" असं का लिहिलेलं असतं.

त्रास बाकीच्यांना. पूर्वी शिंकलं की गोळी मिळायची आणि सुटका व्हायची. आता शिंक सापडली की जबानी. "बीपी आहे? थायरॉइड? काचबिंदू? गाडी तुम्हीच चालवणार? शेवटचं बीपी बसून मोजलं की उभ्याने?" प्रोस्टेटचा प्रश्न तर ते एसटीतल्याच आवाजात विचारतात, शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असा.

परवा नायगावला एका लग्नात अंतरपाट धरलेला, गुरुजींनी सूर लावलेला, आणि नवरीचे मामा सलग तीनदा शिंकले. पहिल्या रांगेतून भाऊ उठले आणि स्टेजवर गेले. मामांनी खिशातून एक कापलेला तुकडा काढून गोळी तोंडात टाकायला हात वर नेला होता, तो हात भाऊंनी वरच्या वर धरला.

"बीपी?"

"आहे थोडं," मामा कुजबुजले.

"ही कुठली?"

"सर्दीची. शेजारच्यांनी दिली."

"नाव? मुदत? वेबिल?"

मामांनी नकारार्थी मान हलवली. गुरुजी थांबले. सनईवाला थांबला.

"खाली उतरा," भाऊ म्हणाले. मामा मुकाट्याने स्टेजवरून उतरले, भाऊंनी गुरुजींकडे पाहून हवेतच दोरी ओढल्यासारखा हात दोनदा हलवला, आणि लग्न पुढे सुरू झालं.